तीस सेकंद थांबायला सांगूनही ‘डेटाबेस इज लॉक्ड’ क्षणात का येतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडतीसाठी तुम्ही पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला आहे आणि सगळा डेटा एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये आहे. काट्याजवळ उबुंटूची एक मशीन आहे. तिच्यावर एक प्रोसेस इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन वाचून नोंदवते, दुसरी शेतकऱ्याची हिशेबपट्टी बनवून छापते, तिसरी दिवसभराच्या आवकेचा अहवाल काढते. शिवाय गाळ्यामागच्या खोलीतून मुनीमजी विंडोजच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल शेअर केलेल्या फोल्डरमधून उघडतात. एरवी सगळं सुरळीत असतं, पण अंबियाची संत्री यायला लागली आणि सकाळी गाड्यांची गर्दी झाली की ‘डेटाबेस इज लॉक्ड’ सुरू होतं. टाइमआउट, म्हणजे लॉक सुटण्याची वाट बघण्याची मुदत, ५ सेकंदांचा ३० केला तरी एरर येतेच. आणि जाता जाता तुम्ही लिहिलं आहे की कधी ती तीस सेकंदांनी येते, कधी क्षणात.

हे जाता जाता लिहिलेलं वाक्यच सगळ्यात कामाचं आहे. क्षणात येणारी एरर आणि तीस सेकंदांनी येणारी एरर यांचा मजकूर एकच असला तरी बिघाड दोन आहेत. पहिला कितीही थांबलं तरी सुटत नाही. दुसरा थांबून सुटायला हवा, पण कुणीतरी लॉक धरून बसलं आहे म्हणून सुटत नाही. टाइमआउट वाढवल्याने यातला एकही बरा होणार नव्हता.

एसक्यूलाइटमध्ये मध्ये बसून रांग लावणारा सर्व्हर नाही. प्रत्येक प्रोसेस स्वतः फाइल उघडते आणि ऑपरेटिंग सिस्टिमकडून फाइलच्या ठरावीक बाइट्सवर लॉक घेते. एका फाइलमध्ये एका वेळी एकच लिहिणारा, हा नियम कुठल्याही सेटिंगने बदलत नाही. ‘प्राग्मा जर्नल_मोड’ ही सेटिंगची आज्ञा देऊन विचारल्यावर तुम्हाला ‘डिलीट’ असं उत्तर आलं, म्हणजे फाइल मूळच्या रोलबॅक जर्नल पद्धतीत आहे, जिच्यात बदलाआधीचा मजकूर शेजारच्या ‘-जर्नल’ फाइलमध्ये ठेवला जातो. तिच्यात वाचणारा ‘शेअर्ड’ लॉक घेतो आणि असे अनेक जण एकदम वाचू शकतात. लिहायला घेणारा ‘रिझर्व्ह्ड’ लॉक घेतो. तो एकालाच मिळतो, पण तो असताना इतरांचं वाचन चालू राहतं. कमिटची, म्हणजे बदल कायम करण्याची, वेळ आली की तो ‘पेंडिंग’वर जातो, म्हणजे नव्या वाचणाऱ्यांना प्रवेश बंद. जुने वाचणारे बाहेर पडले की ‘एक्स्क्लुझिव्ह’ मिळतो आणि बदल मूळ फाइलमध्ये उतरतात.

आता तुमचा पट्टी क्रमांकाचा कोड घेऊ. तुम्ही आयसोलेशन लेव्हल ‘नन’ ठेवून (म्हणजे पायथनने आपणहून ‘बिगिन’ म्हणू नये) स्वतः ‘बिगिन’ म्हणता, शेवटचा पट्टी क्रमांक वाचता, त्यात एक मिळवता, नवी ओळ घालता आणि ‘कमिट’ करता. हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल किंवा काहीच होणार नाही अशा गठ्ठ्यात, ठेवलंत हे बरोबरच आहे. नाहीतर दोन शेतकऱ्यांच्या हातात एकाच क्रमांकाच्या पट्ट्या गेल्या असत्या. चूक आहे ती नुसत्या ‘बिगिन’मध्ये. नुसतं ‘बिगिन’ म्हणजे ‘बिगिन डिफर्ड’. त्या ओळीवर कुठलंच लॉक घेतलं जात नाही. क्रमांक वाचताना ‘शेअर्ड’ मिळतो आणि ओळ घालताना त्याचा ‘रिझर्व्ह्ड’ करायचा प्रयत्न होतो.

काट्याची प्रोसेसही याच साच्यात लिहिलेली आहे, आधी वाचते आणि मग लिहिते. दोघींनी एकाच सुमारास वाचलं तर दोघींकडे ‘शेअर्ड’ आहे. काट्याच्या प्रोसेसने ‘रिझर्व्ह्ड’ मिळवलं आणि ती कमिटला आली. तिला आता पट्टीच्या प्रोसेसने ‘शेअर्ड’ सोडायला हवा. पट्टीच्या प्रोसेसला ‘रिझर्व्ह्ड’ हवं, पण ते काट्याकडे आहे. दोघी एकमेकींसाठी थांबल्या तर कायमच्या थांबतील. म्हणून एसक्यूलाइट अशा वेळी पट्टीच्या प्रोसेसला थांबूच देत नाही. जिच्या हातात आधीच वाचनाचं लॉक आहे आणि जी ते लिहिण्याचं करायला बघते, तिच्यासाठी टाइमआउट लागूच होत नाही. ३० असो की ३००, कोड ५ ची, म्हणजे हीच ‘लॉक्ड’ची, एरर तत्काळ परत येते. तुमची क्षणात येणारी एरर ही आहे.

यावर अनेक जण एरर पकडून तीच ‘इन्सर्ट’ पुन्हा पुन्हा चालवतात, तुमच्या कोडमध्येही तसा लूप आहे. त्याने परिस्थिती बिघडते, कारण ट्रान्झॅक्शन अजून उघडंच आहे, ‘शेअर्ड’ लॉक अजून धरलेलंच आहे आणि त्याच्यामुळे काट्याची प्रोसेस कमिटवर अडकली आहे. आता तिचे तीस सेकंद भरतात आणि तिलाही एरर येते. तुमच्या लॉगमध्ये क्षणातल्या एररनंतर बरोबर अर्ध्या मिनिटाने दुसऱ्या प्रोसेसची एरर दिसते, ती अशी जोडलेली आहे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याऐवजी हे स्वतः घडवून बघा. फाइलची एक प्रत घ्या, दोन टर्मिनलमध्ये एसक्यूलाइटचा शेल (आज्ञा टाइप करायचा प्रोग्रॅम) उघडा आणि दोन्हींत ‘.टाइमआउट ३००००’ द्या. दोन्हींत ‘बिगिन’ करा, दोन्हींत पट्ट्यांच्या टेबलवर एक ‘सिलेक्ट’ चालवा. मग पहिल्यात ‘अपडेट’ करा, ते चालेल. दुसऱ्यात ‘अपडेट’ करा, एरर क्षणात येईल. पहिल्यात ‘कमिट’ करा, तो लटकून राहील. दुसऱ्यात ‘रोलबॅक’ म्हणा, म्हणजे बदल रद्द करा, त्याबरोबर पहिल्याचा कमिट सुटेल. आता हाच खेळ दोन्हीकडे ‘बिगिन इमिजिएट’ने सुरू करून बघा. दुसरं टर्मिनल ‘बिगिन’च्या ओळीवरच शांतपणे थांबेल आणि पहिल्याने कमिट करताच पुढे सरकेल.

उपाय तोच आहे. ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे कुठेही लिहायचं आहे, ते ‘बिगिन इमिजिएट’नेच उघडा. लिहिण्याचं लॉक पहिल्याच ओळीवर मागितलं जातं, त्या वेळी हातात दुसरं काहीच नसतं, म्हणून टाइमआउट नीट काम करतो. ते मिळालं नाही तर तुमचं काहीच वाया गेलेलं नसतं. रोलबॅक पद्धतीत कमिटलाही कधी कोड ५ मिळू शकतो, कारण जुना वाचणारा अजून आत असतो. तेव्हा ट्रान्झॅक्शन जिवंत असतं आणि फक्त ‘कमिट’ पुन्हा करायचा असतो. बाकी कुठल्याही टप्प्यावर अडलात तर आधी ‘रोलबॅक’, मग वाचण्यापासून सगळं पुन्हा. क्रमांक जुनाच धरून फक्त ‘इन्सर्ट’ पुन्हा करणं चालणार नाही.

पायथनची मूळ पद्धत ठेवणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. त्या पद्धतीत ‘सिलेक्ट’साठी ट्रान्झॅक्शन उघडत नाही, ‘इन्सर्ट’ किंवा ‘अपडेट’च्या आधी उघडतं. पण कर्सर (‘सिलेक्ट’च्या ओळी एकेक करून देणारा ऑब्जेक्ट) अर्धवट वाचून सोडला, म्हणजे बऱ्याच ओळींतली एकच घेतली किंवा फॉर लूपने ओळी वाचत असतानाच त्याच कनेक्शनवर अपडेट चालवलं, तर तो ‘सिलेक्ट’ संपलेला नसतो आणि वाचनाचं लॉक सुटलेलं नसतं. परत तीच गत. ओळी आधी पूर्ण वाचून यादीत घ्या, मग अपडेट करा. जँगो ही पायथनची वेब चौकट वापरणाऱ्यांसाठी ५.१ आवृत्तीपासून ट्रान्झॅक्शन ‘इमिजिएट’ करण्याचं सेटिंगच मिळतं.

क्षणात येणाऱ्या एररचं आणखी एक साधं कारण आहे आणि ते शोधायला दोन मिनिटं लागतात. टाइमआउट फाइलमध्ये साठवला जात नाही, तो प्रत्येक कनेक्शनचा वेगळा असतो. एसक्यूलाइटचा स्वतःचा टाइमआउट शून्य आहे, पाच सेकंद ही पायथनच्या मॉड्यूलची देणगी. तेव्हा क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) एसक्यूलाइटचा शेल चालवणारी एखादी स्क्रिप्ट असेल तर ती जराही थांबत नाही.

आता तीस सेकंदांनी येणारी एरर. चार-दोन ओळी लिहायला मिलिसेकंद लागतात, मग कोण इतका वेळ बसून राहतं? तुमच्या पट्टीच्या फंक्शनमध्ये ‘बिगिन’ आणि ‘कमिट’च्या मध्ये प्रिंटरला मजकूर पाठवणं आहे. प्रिंटरचा कागद संपला किंवा अडकला की ट्रान्झॅक्शन उघडं राहतं आणि काटा थांबतो. काट्याच्या प्रोसेसमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सिरियल पोर्ट वाचत राहण्याचा लूपही ट्रान्झॅक्शनच्या आतच आहे. पोतं किंवा क्रेट हलत असेल तोवर सगळा गाळा खोळंबतो. या दोन्ही गोष्टी बाहेर काढा. आधी वजन स्थिर होऊ द्या, मग ट्रान्झॅक्शन उघडा, लिहा, कमिट करा आणि त्यानंतर छापा. छपाई झाली की नाही यासाठी टेबलमध्ये एक वेगळा रकाना ठेवा आणि छापून झाल्यावर छोट्या दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये तो भरा. छपाई फसली तर पट्टी पुन्हा छापता येते. नोंद मात्र झालेली असते.

याच जातीतला दुसरा संशयित मुनीमजींच्या कॉम्प्युटरवर आहे. ते डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइटमधून एखाद्या ओळीतलं नाव दुरुस्त करतात. त्या प्रोग्रॅमची रचनाच अशी आहे की बदल केला की ट्रान्झॅक्शन उघडतं आणि ‘राइट चेंजेस’ दाबेपर्यंत उघडं राहतं. बदल करून ते लिलावाकडे गेले, तर लिहिण्याचं लॉक तोवर त्यांच्याकडेच राहतं. गर्दीच्या वेळी कारण तुमच्या कोडमध्ये शोधण्याआधी हे बघा.

कोण धरून बसलं आहे हे एसक्यूलाइट सांगत नाही, पण उबुंटू सांगते. ‘एलएसओएफ’ला फाइलचं नाव दिलं की ती उघडी ठेवणाऱ्या प्रोसेस कळतात. त्याहून नेमकं हवं असेल तर ‘/प्रॉक/लॉक्स’ वाचा. त्यात प्रोसेसचा क्रमांक, फाइलचा आयनोड (सिस्टिमने फाइलला दिलेला क्रमांक) आणि कुठल्या बाइटवर लॉक आहे ते असतं. रोलबॅक पद्धतीत १०७३७४१८२४ हा बाइट ‘पेंडिंग’चा, त्याच्या पुढचा १०७३७४१८२५ ‘रिझर्व्ह्ड’चा आणि तिथून पुढचे ‘शेअर्ड’चे. १०७३७४१८२५ वर ‘राइट’ लॉक कुणाच्या नावावर दिसतं ते बघितलं की वाद संपतो. मी त्यापुढे जाऊन प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी वेळ लॉगमध्ये लिहायला लावतो, सोबत फंक्शनचं नाव. अर्ध्या सेकंदाहून लांब ट्रान्झॅक्शन दिसलं की त्या फंक्शनमध्ये डेटाबेसशी संबंध नसलेलं काहीतरी घुसलेलं सापडतंच. पायथन ३.११ पासून एररच्या ऑब्जेक्टमध्ये एसक्यूलाइटच्या एररचं नेमकं नाव आणि कोडही मिळतो, तोही लॉगमध्ये घ्या. कोड ६, म्हणजे ‘डेटाबेस टेबल इज लॉक्ड’, दिसला तर भांडण दुसऱ्या प्रोसेसशी नाही. ते तुमच्याच कनेक्शनवर वाचन चालू असताना टेबल काढून टाकण्यासारख्या गोष्टीतून किंवा शेअर्ड कॅशमधून (एकाच प्रोसेसमधल्या कनेक्शन्सनी वाटून घेतलेली मेमरी) येतं आणि थांबून जात नाही.

अजून एक बाब, जी गर्दीतच दिसते. थांबलेल्यांची रांग नसते. थांबणारी प्रोसेस १ मिलिसेकंदाने, मग २, मग ५, १०, १५ अशी पुन्हा बघते आणि शेवटी दर १०० मिलिसेकंदांनी डोकावत राहते. मधल्या काळात दुसरी कुणी कमिट करून लगेच नवं ट्रान्झॅक्शन उघडत असेल, तर ही दर वेळी उशिरा पोचते. स्थिर वजनाच्या त्या ट्रान्झॅक्शनखेरीज तुमची काट्याची प्रोसेस मिळालेलं प्रत्येक वाचन, अस्थिर असलं तरी, सेकंदाला कित्येकदा वेगवेगळ्या कमिटने लिहिते. महाग असतो तो कमिट, कारण त्यात डिस्कवर खरोखर पोचल्याची खात्री करावी लागते. एसक्यूलाइटच्या दस्तावेजातच म्हटलं आहे की साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५०,००० ओळी सहज घालता येतात, पण मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कवर ट्रान्झॅक्शन मात्र सेकंदाला साठेकच होतात. अस्थिर वाचनं मेमरीतच राहू द्या. शेतकऱ्याच्या हिशेबात जाणारं एकच स्थिर वजन लिहा.

एवढं झाल्यावर ‘वॉल’ (राइट-अहेड लॉग) पद्धतीकडे या, त्याआधी नको. २०१० मध्ये ३.७.० आवृत्तीत आलेल्या या पद्धतीत बदल आधी शेजारच्या ‘-वॉल’ फाइलमध्ये जातात. त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला. तुमच्या अहवालाच्या प्रोसेसला याचा मोठा फायदा होईल. पण लिहिणारा तरीही एकच, आणि नुसत्या ‘बिगिन’चा सापळाही तसाच राहतो. तुम्ही वाचल्यानंतर दुसऱ्याने कमिट केलं असेल आणि मग तुम्ही लिहायला गेलात, तर तुमचं चित्र शिळं झालेलं असतं. तेव्हा कोड ५१७, ‘बिझी स्नॅपशॉट’, तत्काळ येतो. ‘वॉल’ लावून ‘बिगिन’ न बदलणाऱ्यांची एरर कमी होते, जात नाही, आणि मग ती शोधणं आणखी अवघड होतं.

‘वॉल’साठी एक अट मात्र पाळावीच लागते. त्यातल्या सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर हव्यात, कारण त्या ‘-एसएचएम’ फाइलमधून मेमरी वाटून घेतात. मुनीमजींचं शेअर केलेलं फोल्डर तिथे चालत नाही. खरं तर ते आताही चालू नये. नेटवर्कवरच्या फोल्डरमधलं लॉकिंग भरवशाचं नसतं असं एसक्यूलाइटचे कर्तेच बजावतात. तिथे एरर आली तर नशीब. एरर न येता दोघांनी एकदम लिहिलं तर फाइल खराब होते आणि ते हंगाम संपताना हिशेब जुळेना तेव्हा कळतं. मुनीमजींसाठी काट्याच्या मशीनवरच फ्लास्क या पायथनच्या छोट्या वेब चौकटीत एक छोटं पान करा, ते ब्राउझरमधून उघडतील आणि फाइलला हात फक्त त्या मशीनवरच्या प्रोसेस लावतील. याऐवजी पोस्टग्रेस, म्हणजे सर्व्हर असलेला डेटाबेस, घ्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे. चार प्रोसेस आणि एक गाळा एवढ्यासाठी माझ्या मते गरज नाही. उद्या तीन-चार गाळे एकाच डेटावर लिहायला लागले तर नक्की घ्या.

‘वॉल’ लावल्यावर अहवालाच्या प्रोसेसकडे लक्ष ठेवा. ‘-वॉल’ फाइल साधारण १,००० पानांची, म्हणजे ४,०९६ बाइट्सच्या पानांनी सुमारे ४ एमबी झाली की चेकपॉइंट होऊन मजकूर मूळ फाइलमध्ये जातो. पण कुणी वाचन उघडं ठेवून बसलं असेल तर चेकपॉइंट त्याच्यापुढे जाऊ शकत नाही आणि ‘-वॉल’ वाढत राहते. दिवसभर स्क्रीनवर चालू असलेला अहवाल नेमकं हेच करतो. त्याने ओळी पूर्ण वाचाव्यात, कर्सर बंद करावा आणि ताजे आकडे हवे तेव्हा पुन्हा विचारावं. रात्री बाजार आटोपला की ‘प्राग्मा वॉल_चेकपॉइंट’ला ‘ट्रंकेट’ देऊन एकदा चालवा.

‘वॉल’बरोबर ‘सिंक्रोनस’ (मजकूर डिस्कवर पोचल्याची किती खात्री करायची ते ठरवणारं सेटिंग) हे ‘नॉर्मल’ करा असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने वेग वाढतो आणि वीज गेली तरी फाइल खराब होत नाही हे खरं आहे. पण वीज जाण्याच्या क्षणाआधीचे काही कमिट नाहीसे होऊ शकतात. मोबाइल ॲपच्या कॅशला ते चालेल. काटोल-नरखेडहून गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या हातात छापील पट्टी आहे आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तिची नोंद फाइलमध्ये नाही, हे चालणार नाही. तुमच्या कामात ते ‘फुल’च ठेवा. वर सांगितल्याप्रमाणे कमिटची संख्या कमी केली की वेगाची अडचण उरत नाही.

शेवटी तुम्ही केलेल्या एका गोष्टीबद्दल, कारण ती धोक्याची आहे. एरर आली की शेजारची ‘-जर्नल’ फाइल पुसून प्रोग्रॅम पुन्हा चालू करता असं तुम्ही लिहिलं आहे. हे आजपासून बंद करा. ती फाइल म्हणजे लॉक नव्हे. लॉक ऑपरेटिंग सिस्टिमकडे असतं आणि प्रोसेस मेली की आपोआप सुटतं. प्रोसेस मध्येच मेल्यावर उरलेल्या ‘-जर्नल’मध्ये अर्धवट लिहिलेलं पूर्ववत करण्याचा मजकूर असतो. ती पुसली तर डेटाबेस कायमचा बिघडू शकतो. ‘-वॉल’ पुसली तर कमिट झालेल्या नोंदी जातात. प्रोग्रॅम बंद करा, पुन्हा उघडा, एसक्यूलाइट स्वतः सावरतो.

पेन ड्राइव्हवर रोज साधी कॉपी घेता, तीही याच कारणाने अपुरी आहे. लिहिणं चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते आणि ‘-वॉल’शिवाय घेतलेली प्रत मागची असते. त्यातून तुमचा कॉपीचा कोड अहवालाच्याच प्रोसेसमध्ये फाइल साध्या ‘ओपन’ने उघडतो आणि बंद करतो. लिनक्सवर एका प्रोसेसने फाइलचा कुठलाही हँडल (उघडलेल्या फाइलचा दुवा) बंद केला की त्या फाइलवरची त्या प्रोसेसची सगळी लॉक सुटतात, एसक्यूलाइटने घेतलेलीही. एसक्यूलाइटला ते कळतही नाही. प्रत घेण्यासाठी शेलमधली ‘.बॅकअप’ किंवा ३.२७ आवृत्तीपासून असलेली ‘व्हॅक्यूम इन्टू’ वापरा. ती आधी मशीनच्याच डिस्कवर घ्या, तयार झालेल्या प्रतीवर ‘प्राग्मा इंटिग्रिटी_चेक’ चालवा आणि ‘ओके’ आलं की मग पेन ड्राइव्हवर टाका.